स्लीप अ‍ॅप्नियाचं मशीन, इन्शुरन्स आणि सप्लायर : अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याला स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार) निघाला आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचं प्रेशर देणारं मशीन, लागलं तेव्हा फोन करण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मशीन हातात पडायला ११ आठवडे लागले. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाला ना कुणाला हे मशीन लागतंच आहे, आणि "तू केलंयस ना हे सगळं, मग जरा सांग" असे निरोप येतच असतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

मी डॉक्टर नाही, इन्शुरन्सवालीही नाही. उपचारांचं डॉक्टरांनाच विचारा. खाली दिलेले नियम मुख्यतः मेडिकेअरचे (मुख्यतः ६५ आणि त्यापुढच्यांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सचे) आहेत, कारण बऱ्याचशा खासगी कंपन्या तेच थोडेफार फिरवून वापरतात. तुमच्या प्लॅनच्या कागदांत वेगळं लिहिलं असेल तर ते खरं धरा.

१. निदान झालंय. आता मशीन दुकानातून सरळ विकत आणता येतं का?

नाही. सीपॅपला अमेरिकेत प्रिस्क्रिप्शन लागतं. पूर्ण मास्कलाही लागतं. ट्यूब, फिल्टर, पट्टे असल्या सुट्या गोष्टींना सहसा लागत नाही.

इन्शुरन्समधून घ्यायचं असेल तर तीन जण मध्ये येतात. डॉक्टर ऑर्डर लिहितात. इन्शुरन्स कंपनी मंजुरी देते. आणि मशीन देतो तो सप्लायर, ज्याला इथे सगळे 'डीएमई' (घरी वापरायची टिकाऊ वैद्यकीय साधनं देणारा) म्हणतात. हे तिघं एकमेकांशी फॅक्सने बोलतात, आणि प्रत्येकाची समजूत अशी असते की पुढचा कागद दुसरा कुणीतरी पाठवणार आहे. या पानावरचे निम्मे प्रश्न त्या समजुतीतून आलेत.

२. टेस्टसाठी लॅबमध्ये जाऊन झोपावंच लागतं का?

बहुतेकांना नाही. मेडिकेअरने घरच्या टेस्टला २००८ मध्ये मान्यता दिली, आणि आता कित्येक खासगी कंपन्या आधी घरचीच टेस्ट करा म्हणून अडून बसतात. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा, एवढंच.

पण हार्ट फेल्युअर, फुप्फुसांचा मोठा आजार किंवा स्नायूंचा आजार असेल, किंवा ओपिऑइड वेदनाशामकं चालू असतील, तर लॅबची टेस्टच योग्य. डॉक्टरांनी ऑर्डरमध्ये तसं कारण लिहिलं की मंजुरी मिळायला सोपं जातं.

घरच्या टेस्टमध्ये काही सापडलं नाही म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका. लक्षणं असतील तर पुढची पायरी लॅबची टेस्ट हीच आहे. एक बारीक गोष्ट मेडिकेअरवाल्यांसाठी: जो सप्लायर मशीन देणार, त्याला तुमच्या घरच्या टेस्टमध्ये कुठलाही हात घालता येत नाही, टेस्टचं किट पोचवण्याइतकासुद्धा.

३. रिपोर्टमध्ये एएचआय ११ आलाय. इन्शुरन्सवाले म्हणतात एवढ्यावर मशीन मिळत नाही. खरं आहे का?

अर्धवट खरं. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मेडिकेअरचा नियम असा: १५ किंवा जास्त असेल तर आणखी काही दाखवावं लागत नाही. ५ ते १४ असेल तर सोबत काहीतरी हवं: दिवसा फार झोप येणं, स्मरण-एकाग्रतेचा त्रास, मनःस्थितीचा विकार, निद्रानाश, किंवा उच्च रक्तदाब, हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार, पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात.

म्हणजे ११ आकड्यावर मशीन मिळू शकतं. पण ती सोबतची गोष्ट डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलेली असायला हवी. तुम्ही बीपीची गोळी १० वर्षं घेताय हे स्लीप डॉक्टरांच्या नोटमध्ये नसेल, तर कागदावर तुम्हाला बीपी नाहीच. आपल्याकडची मंडळी डॉक्टरांसमोर "तसं ठीक आहे हो" म्हणायला पटाईत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये डुलकी लागते, सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटतात, हे स्पष्ट सांगा आणि नोंदीत आलं का ते पोर्टलवर (क्लिनिकच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यात) जाऊन वाचा.

आता खरी मेख. उथळ श्वास मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत ऑक्सिजन ३ टक्के घसरला किंवा झोप चाळवली तरी तो धरतात. दुसरीत ४ टक्के घसरावा लागतो, आणि मेडिकेअर ही दुसरी पद्धत मानतं. त्यामुळे एकाच रात्रीचे दोन वेगळे एएचआय निघतात. रिपोर्टवर कुठली पद्धत आहे ते पाहा. तुमची कंपनी ३ टक्क्यांची पद्धत मानत असेल आणि लॅबने ४ टक्क्यांनी मोजलं असेल, तर त्याच रेकॉर्डिंगवरून पुन्हा मोजून द्यायला सांगता येतं. टेस्ट परत करावी लागत नाही.

घरच्या टेस्टबद्दल आणखी एक. मेंदूच्या लहरी बहुतेक किटमध्ये मोजतच नाहीत. त्यामुळे तुम्ही तळमळत जागे होतात तो वेळही भागाकारात येतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

४. डॉक्टरांच्या ऑर्डरवर नेमकं काय काय असावं?

नाव, जन्मतारीख, निदान आणि त्याचा कोड (ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचा जी४७.३३), मशीनचा प्रकार, प्रेशर किंवा प्रेशरची मर्यादा, गरम पाण्याचं ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं), मास्क आणि बाकी सामान, किती काळासाठी, डॉक्टरांची सही आणि तारीख. काळ म्हणून 'आयुष्यभर' लिहून घेतलं तर पुढे दुसऱ्याच सप्लायरकडून काही घेतानाही तोच कागद कामाला येतो. मास्कच्या जागी विशिष्ट मॉडेलचं नाव न घालता 'रुग्णाला बसेल तो' अशा अर्थाचं लिहून घ्या. का, ते प्रश्न ९ मध्ये.

आणि हे तपासाच: मेडिकेअरला टेस्टच्या *आधी* डॉक्टरांनी तुम्हाला तपासल्याची नोंद लागते. टेस्ट आधी, भेट नंतर असं झालं असेल तर फाइल तिथेच अडकते, आणि कुणी ते तुम्हाला आपणहून सांगत नाही.

५. सप्लायर आपण निवडायचा की डॉक्टर सांगतील तोच?

आपण निवडू शकतो. डॉक्टरांचं ऑफिस सवयीने एकाच ठिकाणी फॅक्स करतं, एवढंच. आधी इन्शुरन्सकडून इन-नेटवर्क (त्यांच्याशी करार असलेल्या) सप्लायरांची यादी मागवा, मग त्यातल्या दोन-तीन जणांना स्वतः फोन करा. मेडिकेअर असेल तर "असाइनमेंट घेता का?" हे पहिलं विचारा. घेत असतील तर मेडिकेअरने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही.

बाकी मी विचारते ते असं: मशीन कुठल्या कंपनीचं देता? मास्क बसला नाही तर किती दिवसांत बदलून देता? समोर बसवून मास्क बसवून देणारं माणूस आहे का, की खोकं कुरिअरने येतं? आणि रोख घेतलं तर किंमत काय? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडे जी शांतता पसरते तिच्यावरून बरंच कळतं. (प्रश्न ६.)

६. मशीन विकत न देता भाड्याने का देतात? दर महिन्याचं बिल बघून डोकं फिरलंय.

मेडिकेअर १३ महिने भाडं देतं आणि मग मशीन तुमच्या मालकीचं होतं. पार्ट बीचं (मेडिकेअरच्या डॉक्टर-साधनांच्या भागाचं) डिडक्टिबल, म्हणजे दर वर्षी आधी आपण भरायची रक्कम, भरून झाल्यावर २० टक्के तुमचे. खासगी कंपन्यांत कुणी १० महिन्यांचं भाडं देतं, कुणी १३, कुणी एकरकमी घेतं.

हिशेबाचा धोका डिडक्टिबलमध्ये आहे. समजा तुमचं डिडक्टिबल मोठं आहे आणि भाडं ऑक्टोबरात सुरू झालं. जानेवारीत मीटर पुन्हा शून्यावर येतो आणि पुढचं भाडं परत तुमच्याच खिशातून जातं. इन्शुरन्सशी ठरलेला भाड्याचा दर गुणिले महिने ही बेरीज काही वेळा त्याच मशीनच्या ऑनलाइन रोख किमतीच्या वर जाते. म्हणून सही करण्याआधी बिलाचा कोड (साध्या सीपॅपचा ई०६०१, गरम ह्युमिडिफायरचा ई०५६२) इन्शुरन्सला सांगून "या सप्लायरकडे याचा मंजूर दर किती?" असं विचारा. कोड सांगितला की तिकडच्या माणसालाही उत्तर द्यावंच लागतं.

रोखीने घेण्याचे तोटे प्रश्न १४ मध्ये आहेत.

७. रोज चार तास लावलं नाही तर मशीन परत नेतात, हे खरं का?

खरं आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. नियम: पहिल्या ३ महिन्यांत सलग कुठल्याही ३० दिवसांत, त्यातल्या ७० टक्के रात्री, रात्रीला किमान ४ तास. म्हणजे ३० पैकी २१ रात्री. शिवाय ३१ व्या ते ९१ व्या दिवसाच्या मध्ये डॉक्टरांची भेट, आणि त्या भेटीत "फायदा होतोय" अशी नोंद. ही भेट मशीन येईल त्या दिवशीच ठरवून टाका, कारण स्लीप डॉक्टरांची वेळ दोन-दोन महिने मिळत नाही. ९१ दिवस उलटले की मधलं भाडं अडकतं.

मशीनमध्ये मोडेम असतो, त्यामुळे तास आपोआप सप्लायरकडे जातात. मशीन तळघरात असेल, सिग्नल नसेल किंवा एअरप्लेन मोड चालू राहिला असेल तर डेटा जात नाही आणि तुम्ही नापास दिसता. ज्या मशीनमध्ये एसडी कार्ड असतं त्यात तो जमा असतो; कार्ड काढून डॉक्टरांकडे न्या. पडद्यावर तासांचा आकडाही दिसतो. आम्ही रोज सकाळी चहा टाकला की तो वहीत लिहायचो. एकदा सप्लायरच्या बाईंनी फोनवर १७ रात्रीच भरल्या म्हणून सांगितलं, आणि मी वही उघडून तारखांसकट २३ वाचून दाखवल्या. मोडेमचा डेटा ६ दिवस गेलाच नव्हता.

चार तास सलग लागत नाहीत, बेरीज धरतात. रात्री बाथरूमला उठलात तर मास्क काढा, पण परत आल्यावर *लावा*. पहाटे तीनला वैतागून काढलेला मास्क उशीखाली सापडणं हा आमच्याकडचा पहिल्या महिन्याचा रोजचा कार्यक्रम होता. झोप लागत नसेल तर पहिले काही दिवस संध्याकाळी बसून टीव्ही बघताना लावायची सवय करा. आणि मशीन येण्याची तारीख लग्न, भारतवारी, ऑपरेशन यांच्या तोंडावर घेऊ नका. तो ९० दिवसांचा काळ शांत असू दे.

८. आम्ही त्या तीन महिन्यांत नापास झालो. आता?

दार बंद होत नाही, पण फेरा लांबतो. मेडिकेअरमध्ये पुन्हा डॉक्टरांची भेट घ्यावी लागते, ज्यात का जमलं नाही ते लिहिलं जातं, आणि पुन्हा टेस्ट. ही मात्र लॅबमध्येच. खासगी कंपन्यांत बऱ्याचदा डॉक्टरांच्या पत्रावर मुदतवाढ मिळते, विशेषतः आजारपण किंवा न बसणारा मास्क असं ठोस कारण असेल तर. मुदत संपण्याआधी मागा. संपल्यावर मागितलं की ते अपील होतं (प्रश्न ११).

सीपॅप खरंच सोसत नसेल तर दोन प्रेशरचं बायलेव्हल मशीन असतं. त्यासाठी 'सीपॅप लावून पाहिलं आणि उपयोग झाला नाही' हे नोंदीत यावं लागतं. हे त्या ९० दिवसांतच डॉक्टरांना सांगितलंत तर नापास व्हायची वेळच येत नाही.

९. मास्कमधून हवा सुटते, डोळ्यांत जाते. सप्लायर म्हणतो एकदा दिलेला मास्क बदलत नाही.

आधी मास्क उताणं झोपून, मशीन चालू ठेवून बसवा. आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर चेहरा सैल पडला की सुटतोच. पट्टे करकचून आवळणं हा उपाय नाही. त्याने मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) चपटी होते आणि हवा जास्त सुटते. हवेने उशी फुगेल इतपतच आवळा. मिशी-दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशा बघा.

आता सप्लायरचं. पहिल्या ३० दिवसांत मास्क बदलून देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण ती आपण मागावी लागते. "माझ्या ऑर्डरवर 'बसेल तो मास्क' आहे, हा बसत नाही" एवढं म्हणा. तरी नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी 'नाही' द्यायचा कंटाळा बहुतेकांना येतो.

मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतील आणि तुम्हाला *किंवा शेजारी झोपणाऱ्याला* पेसमेकर वगैरे असेल, तर तो मास्क नको. सप्लायर हे विचारतोच असं नाही.

१०. मास्क, फिल्टर, ट्यूब किती दिवसांनी नवं मिळतं?

मेडिकेअरप्रमाणे जास्तीत जास्त: मास्कची चौकट ३ महिन्यांनी १, नाकाच्या मास्कच्या उशा महिन्याला २, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची उशी महिन्याला १, ट्यूब ३ महिन्यांनी, डोक्याचे पट्टे आणि पाण्याची टाकी ६ महिन्यांनी, वापरून टाकायचे फिल्टर महिन्याला २. ही कमाल मर्यादा आहे, घेतलंच पाहिजे असं नाही. मेडिकेअरच्या सप्लायरला तुम्हाला विचारल्याशिवाय पाठवता येत नाही. खासगी प्लॅनमध्ये 'ऑटो-शिप'वर नकळत टिक झालेली असते आणि कपाटात ट्यूबा साठतात, प्रत्येकीचा २० टक्के वाटा तुमच्या नावावर. ती टिक काढून टाका.

११. क्लेम नाकारल्याचं पत्र आलंय. आता कुणाशी भांडायचं?

भांडण नंतर. आधी पत्रातलं कारण वाचा, कारण 'नाकारलं' या एका शब्दाखाली चार वेगळी दुखणी असतात.

'कागद अपुरे' असेल तर अपिलाच्या भानगडीत पडू नका; राहिलेला कागद पाठवून क्लेम पुन्हा सादर करायला सांगा. 'पूर्वपरवानगी नव्हती' असेल आणि सप्लायर इन-नेटवर्क असेल, तर ती घेणं बहुतेक करारांत त्याची जबाबदारी असते. बिल तुम्हाला पाठवायच्या आधी त्याला करार दाखवायला सांगा. 'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही' असेल तर डॉक्टरांना 'पिअर-टू-पिअर' करायला सांगा, म्हणजे तुमचे डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलतात. याला मुदत फार थोडी असते, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा. 'प्लॅनमध्येच बसत नाही' असेल तर ते सगळ्यात अवघड. प्लॅनच्या कागदांत ते वाक्य खरंच आहे का ते शोधा.

यातून जमलं नाही तर अपील. नोकरीतल्या किंवा मार्केटप्लेसच्या (सरकारी वेबसाइटवरून स्वतः घेतलेल्या) बहुतेक प्लॅनमध्ये पत्र मिळाल्यापासून १८० दिवस असतात. मशीन अजून मिळालेलं नसेल तर कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मिळून गेलं असेल तर ६० दिवसांत, तातडीचं असेल तर ७२ तासांत. तेही फेटाळलं तर ४ महिन्यांच्या आत बाहेरच्या, कंपनीशी संबंध नसलेल्या तपासणीसाठी अर्ज करता येतो. तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. ओरिजिनल मेडिकेअरची (सरकार थेट चालवतं तिची) पहिली पायरी १२० दिवसांची आहे. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजची (खासगी कंपनीमार्फत घेतलेल्या मेडिकेअरची) मुदत त्याहून कमी, पत्रावर बघून घ्या.

अपिलाआधी तुमची पूर्ण क्लेम फाइल मागवा. ती फुकट द्यावी लागते. त्यात त्यांनी कुठला निकष लावला ते असतं. आमच्या फाइलमध्ये जुन्या वर्षाचा निकष सापडला. अपिलाचं पत्र मग एका पानात आटपलं.

मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर प्लॅन 'सेल्फ-फंडेड' आहे का हे एचआरला विचारा. असेल तर पैसे तुमची कंपनीच देत असते, इन्शुरन्सचं फक्त नाव. मग राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करून उपयोग नसतो. केंद्राच्या श्रम खात्याकडे जावं लागतं. पण त्याआधी एचआरमधल्या बेनिफिट्सच्या माणसाला सगळी हकिकत लिहून पाठवा. मी पाहिलेल्यांपैकी दोन प्रकरणं तेवढ्यावरच सुटली.

१२. सप्लायर म्हणतो "डॉक्टरांकडून कागद आले नाहीत". डॉक्टरांकडे म्हणतात "आम्ही कधीच पाठवले". खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. आमच्याकडे क्लिनिकने तीन वेळा फॅक्स केला होता, तिन्ही वेळा पोच आली होती. शेवटी मी क्लिनिकच्या मुलीला फॅक्सच्या पहिल्या पानावरचा नंबर मोठ्याने वाचायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवर सप्लायरला त्यांचा. शेवटचे दोन आकडे उलटे होते: ६८ च्या जागी ८६. अडीच आठवडे नवऱ्याच्या घोरण्याचा तपशील भलत्याच ऑफिसात जमा होत होता.

त्यामुळे "कागद आले का?" असं विचारू नका. "कुठला कागद हवाय?" विचारा, एकेक नाव लिहून घ्या: टेस्टचा *सही केलेला* रिपोर्ट, टेस्टआधीच्या भेटीची नोट, ऑर्डर, इन्शुरन्स कार्डाच्या दोन्ही बाजू. मग हे सगळे स्वतः मिळवा. तुमच्या नोंदींवर कायद्याने तुमचा हक्क आहे, मागितल्यापासून ३० दिवसांत द्याव्या लागतात. पोर्टलवर बऱ्याचदा त्याच दिवशी सापडतात. आणि मग तुम्हीच पाठवा, किंवा सप्लायरच्या काउंटरवर नेऊन ठेवा.

प्रत्येक फोनची तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहा. पुढच्या फोनवर "मंगळवारी अमुक यांनी मला असं सांगितलं" म्हटलं की आवाज बदलतो.

१३. भाडं चालू असतानाच नोकरी बदलली, इन्शुरन्सही बदलला. सगळं पहिल्यापासून?

काही वेळा हो. नवी कंपनी जुने भाड्याचे महिने मोजेलच असं नाही, आणि सप्लायर तिच्या नेटवर्कमध्ये नसेल तर आणखी गुंता. जुनं इन्शुरन्स संपण्याआधी सप्लायरला विचारा: उरलेले महिने भरून मशीन आत्ताच नावावर करायचं तर किती? रक्कम बरेचदा वाटते त्यापेक्षा कमी निघते. टेस्टचा रिपोर्ट, ऑर्डर आणि वापराच्या तासांचा अहवाल जवळ ठेवा. त्या तिघांवर नव्या कंपनीचं काम भागतं, टेस्ट परत करायची वेळ सहसा येत नाही.

६५ वर्षांचे होऊन मेडिकेअरवर आलात तर जुनी टेस्ट चालते, फक्त ती मेडिकेअरच्या निकषात बसायला हवी (४ टक्क्यांची गोष्ट आठवा, प्रश्न ३). आणि मेडिकेअर लागू झाल्या*नंतर* डॉक्टरांची एक भेट हवी, ज्यात निदान आहे आणि मशीन अजून वापरात आहे असं लिहिलेलं असेल.

१४. कटकट नको. रोख पैसे देऊन, किंवा कुणाचं जुनं मशीन घेतलं तर?

रोख घेणं वाईट नाही. ४ तासांची परीक्षा नाही, भाडं नाही, एचएसए किंवा एफएसएचे (उपचारांसाठी बाजूला ठेवलेल्या करमुक्त खात्यांचे) पैसे चालतात. पण ती रक्कम डिडक्टिबलमध्ये सहसा धरली जात नाही, आणि मास्क बसवून द्यायला कुणी नसतं. ऑर्डर लागतेच (प्रश्न ४). एक मधला मार्ग चांगला आहे: मशीन रोख घ्या, मास्क आणि सामान मात्र इन्शुरन्समधून. मशीन तुमच्या मालकीचं असल्याची पावती जपून ठेवा, सप्लायर मागतो.

जुन्या मशीनबद्दल मी कडक आहे. १४ जून २०२१ ला फिलिप्सने लाखो मशीनं परत बोलावली, कारण आवाज दाबायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. तशी मशीनं अजून लोकांच्या कपाटात आहेत. कुणी प्रेमाने दिलं तरी सिरियल नंबर घालून रिकॉल तपासा, आणि प्रेशर तुमच्या डॉक्टरांकडून बसवून घ्या. दुसऱ्याच्या प्रेशरवर झोपणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून गाडी चालवणं.

१५. मशीन जुनं झालंय, आवाज करतंय. नवं कधी मिळतं?

मेडिकेअर मशीनचं आयुष्य ५ वर्षं धरतं. त्यानंतर नवं मिळतं. टेस्ट परत लागत नाही, डॉक्टरांची भेट आणि नवी ऑर्डर लागते. त्याआधी चोरीला गेलं, आगीत-पुरात खराब झालं तर मिळू शकतं. पोलिसांचा किंवा घराच्या विम्याचा कागद जोडा. नुसतं झिजलं असेल तर ५ वर्षांपर्यंत दुरुस्तीच. पडद्यावर 'मोटारचं आयुष्य संपलं' असा संदेश आला तर घाबरू नका, मशीन त्या रात्री बंद पडत नाही. त्याचा फोटो काढून ठेवा, अर्जाला जोडायला उपयोगी.

१६. आईबाबा ६ महिन्यांसाठी येताहेत, बाबांना मशीन आहे. इथे काही मदत मिळेल?

व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या आजारांना सहसा हात लावत नाही, त्यामुळे मशीन, मास्क, टेस्ट सगळं स्वतःच्या खर्चाने धरा. मशीन घेऊनच या. नव्या मशीनच्या पॉवर ब्रिकवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर फक्त पिन बदलणारा साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. मास्कच्या दोन जादा उशा आणि फिल्टर भारतातूनच आणायला सांगा, कारण इथे मास्क घ्यायला इथल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन मागतात. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र सामानात नको, हातातल्या बॅगेत.

१७. विमानात मशीन हँडबॅगमध्ये मोजतात का?

नाही. ते वैद्यकीय साधन आहे, केबिन बॅगेच्या संख्येत धरत नाहीत. काउंटरवर वाद झाला तर शांतपणे हेच सांगा. चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. सिक्युरिटीत मशीन पिशवीतून बाहेर काढावं लागतं, मास्क आणि ट्यूब आत राहिले तरी चालतात. टाकीतलं पाणी आदल्या रात्रीच ओता. आमच्या एका मित्राचं मशीन त्या पाण्यानेच गेलं.

१८. सीपॅप नकोच असेल तर इन्शुरन्समधून दुसरं काही मिळतं का?

मिळतं, पण रांग बऱ्याचदा सीपॅपनंतरची असते. जबडा पुढे धरणारं तोंडातलं साधन दंतवैद्य बनवतात, तरी बिल मेडिकल इन्शुरन्सला जातं, डेंटलला नाही. कोड ई०४८६. मेडिकल क्लेम भरणारा दंतवैद्य आधी शोधा. हे न कळल्यामुळे पूर्ण रक्कम खिशातून भरलेले लोक मला माहीत आहेत. जिभेच्या नसेला चेतना देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राला एफडीएने २०१४ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी सीपॅप सोसलं नाही याची नोंद मागतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध स्थूलता आणि मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया दोन्ही असलेल्या मोठ्या माणसांसाठी मान्य झालं. त्याच्या मंजुरीलाही एएचआयचा आकडा लागतो, तेव्हा तो जुना रिपोर्ट फेकू नका.